रेसिडेंट ईव्हिल ४ : पहिल्याच गावात मरतोय, पेटीत गोळ्या मात्र तशाच

दिवाणजी_यार्ड (सांगली), रात्री ११.५०

मंडळी, वय ४३, मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. सध्या हळदीचे सौदे जोरात आहेत, घरी यायला नऊ वाजतात. जेवण झालं, आई झोपली, बायको मोबाईल घेऊन आडवी झाली की मी हेडफोन लावून कॉम्प्युटरपुढं बसतो. आणि पंधरा मिनिटांत मरतो. गेले नऊ दिवस हाच कार्यक्रम आहे.

गेम रेसिडेंट ईव्हिल ४, २०२३ चा रिमेक. थोडी मागची गोष्ट सांगतो, नाहीतर माझी अडचण कळायची नाही.

२००८ साली हरभट रोडच्या मागं एका गल्लीत सायबर कॅफे होता, तासाला पंधरा रुपये. तिथं जुना चार नंबर होता. सीडी कुठली होती ते विचारू नका. पीसीवर २००७ ला जी आवृत्ती आली तिच्यात माऊस चालायचाच नाही, नेमसुद्धा कीबोर्डवर धरायचा. बटणं दाबून दाबून तो लाल ठिपका समोरच्याच्या कपाळावर नेईपर्यंत त्याची कुऱ्हाड आपल्या खांद्यात. त्यात नेम धरला की गेमचा नायक लिऑन जागचा हलायचा नाही, चिखलात पाय रुतल्यासारखा. मी आणि एक मित्र एकाच कीबोर्डवर दोघं बसायचो. त्यानं नेम धरायचा, मी गोळी सोडायची. मी सोडायचोच नाही. "अरे सोड की!" म्हणून तो ओरडायचा आणि अख्खा कॅफे आमच्याकडं बघायचा. त्या गावातून तेव्हाही बाहेर पडलो नाही.

पुढं कॅफे बंद झाला, लग्न झालं, नोकरी लागली. २०१९ च्या पुरात घरातला कॉम्प्युटर गेला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर, आमचं घर तळमजल्याला, काय राहणार. कॅबिनेटमधला गाळ मी चमच्यानं काढला होता, वाळल्यावर चालू होईल या आशेनं. उन्हात आठ दिवस ठेवला. नाही झाला.

आता भाच्यानं एक जुळवून दिलाय. आय फाइव्ह सेव्हन्थ जेन, आठ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० चार जीबीवालं, हार्ड डिस्क जुनीच. गेम सेलमध्ये घेतला. आयुष्यात पहिल्यांदा पैसे मोजून गेम घेतलाय, त्यामुळं सोडवतही नाही.

तर गाव. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची पोरगी पळवलीय, लिऑन नावाचा एकटा माणूस तिला शोधत स्पेनच्या एका आडगावात येतो. चौकात खांबाला बांधून पोलिसाला जाळलेलं असतं आणि गावकरी आपापली कामं करत असतात. एक बाई बादली घेऊन चाललेली. मग कोणीतरी बघतं आणि ओरडतं, "उन फोरास्तेरो!" म्हणजे परका माणूस आला रे. मग विळे, कुऱ्हाडी, गवताची दाताळी घेऊन गावच मागं लागतं. एवढ्यावर भागलं तर ठीक. एक जण येतो झाडं कापायची मशीनची करवत घेऊन, डोक्यावर पोतं ओढलेलं, डोळ्यांपुरती भोकं. मंडळी, ते पोतं मी दिवसभर बघतो. आमचं बारदान तसंच असतं. आता यार्डात हमाल उन्हासाठी डोक्यावर रिकामं बारदान घेऊन वळला तरी माझ्या पोटात एक सेकंद गोळा येतो.

माझी खरी अडचण अशी की माझ्याकडून गोळ्या सुटत नाहीत. मला वाटतं पुढं लागतील. आत्ता एकच माणूस आलाय, सुरीवर भागवू. दोन आलेत, पळू. पाच आले की मरतो. काल मेलो तेव्हा लिऑनच्या पेटीतल्या सामानाचा हिशोब केला: पिस्तुलाच्या ३१ गोळ्या, शॉटगनची ८ काडतुसं, एक ग्रेनेड, दोन हिरवा पाला (तब्येत भरायचं औषध). एवढा शिलकीत मेलेला माणूस सबंध गावात दुसरा नसेल. भाचा म्हणतो, "मामा, तू गेम खेळत नाहीस, तू गोडाऊन सांभाळतोस."

दुसरं, कधी कधी मरायच्या आधीच गेम बंद पडतो. करवतवाला आला, धूर झाला, चार-पाच जण एकदम दिसले की चित्र थांबतं आणि थेट डेस्कटॉपवर. आणि लाईट जाते ते वेगळंच.

तिसरं, सोपी पातळी घेऊ का? लाज वाटते, पण विचारतो.

जाता जाता एक. गावकरी मेल्यावर पैसे पडतात ते पेसेटा. स्पेनमध्ये २००२ पासून युरो चालतो ना? का त्या गावात नोटाबंदी पोचलीच नाही? हिशोबाच्या माणसाला असलं आधी दिसतं, माफ करा.

---

केबल_आणि_गाळ (विश्रामबाग, सांगली), रात्री १२.२०

दिवाणजी, डेस्कटॉपवर फेकतंय ती गेमची चूक नाही, तुमच्या सेटिंगची आहे. ग्राफिक्सच्या पानावर मेमरीची एक पट्टी दिसते, ती लाल झालीय का बघा. झालीच असणार, भाच्यानं सगळं हाय करून दिलं असेल. भाचे तेच करतात. तुमचं कार्ड चार जीबीचं आहे. टेक्स्चर क्वालिटीत 'हाय' लिहिलेले बरेच पर्याय असतात, पुढं कंसात आकडा. त्यातला ०.५ जीबीवाला घ्या, एक जीबीच्या वर जाऊच नका. हेअर स्ट्रँड्स बंद. लिऑनच्या केसाची एकेक बट सुटी दिसली नाही तर काही बिघडत नाही, त्याचे केस तसेही तुमच्यामाझ्यापेक्षा चांगले आहेत. एफएसआर (कार्डाचा भार हलका करायची सोय) बॅलन्स्डवर ठेवा. रे ट्रेसिंग या कार्डावर नाहीच, तो विषय सोडा.

या गेमची किमान मागणीच आय फाइव्ह ७५०० आणि जीटीएक्स १०५० टीआय अशी आहे. म्हणजे तुम्ही बरोब्बर उंबऱ्यावर उभे आहात, आत आलेला नाही. आठ जीबीच्या जागी सोळा रॅम करा आणि एक साधी एसएसडी टाका. जुनी हार्ड डिस्क फोटो आणि लग्नाच्या व्हिडिओला ठेवा.

लाईटचं म्हणाल तर ६०० व्हीएचा यूपीएस घ्या. १६५० कार्ड ७५ वॉट खातं, मॉनिटर धरून सगळं अडीचशेच्या आत बसतं. सेव्ह करून नीट बंद करण्याएवढा वेळ मिळतो. पुरात भिजलेली कॅबिनेटं मी त्या वर्षी किती उघडली ते सांगत नाही. एकाच्या पॉवर सप्लायमध्ये जिवंत खेकडा निघाला होता.

चमचा वापरलात हे मात्र पहिल्यांदाच ऐकलं.

---

दारं_धरतो (शिराळा), रात्री १.०५

आमच्याकडं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. या आठवड्यात रात्रीची. त्यामुळं आत्ता उसाला पाणी पाजायला, म्हणजे दारं धरायला आलोय, बांधावर बसून हे लिहितोय. एका सरीत पाणी भरायला वेळ लागतो.

मी पण हा गेम खेळलोय, मोठ्या भावाच्या कॉम्प्युटरवर. तुम्हाला एक गंमत सांगतो. इकडं बिबट्या आहे. आहे म्हणजे बातमीत नाही, वस्तीवरचं कुत्रं गेलंय मागच्या महिन्यात. तरी मी इथं बॅटरी आणि काठी घेऊन एकटा बसतो, काय वाटत नाही. इथला प्रत्येक आवाज मला माहीत आहे. पाचट सळसळलं तर वारं का उंदीर का डुक्कर, कळतं. त्या गेममधलं गाव परकं, भाषा परकी, दाराबाहेर काय कुजबुजतायत तेच कळत नाही. पहिल्या रात्री मी खेळून उठलो आणि अंगणात लघवीला जायला भावाला उठवलं. त्यानं घरभर सांगितलं.

पण हेडफोन काढू नका. करवतीचा आवाज डावीकडून येतोय का मागून, ते कानालाच कळतं, डोळ्याला नाही. मी तो आवाज लांब जाईल तिकडंच पळायचो. आणि घरात शिरून बसू नका. मूळ गेममध्ये कपाट सरकवून दार अडवता यायचं, लई शहाणपणा वाटायचा, तोवर गावकरी बाहेरून खिडकीला शिडी लावायचे. शिडी ढकलून पाडता येते. ती पाडायची, भिंतीवरची शॉटगन घेतली नसेल तर घ्यायची आणि खिडकीतून उडी मारून परत उघड्यावर. छपरावर चढून निवांत बसायचा विचार केला असेल तर खालून कुऱ्हाडी फेकून मारतात. माझा अनुभव आहे.

सरी भरली. पुढच्या सरीचं बारं फोडून येतो.

---

पुणे३०, सकाळी ९.१५

यूट्यूबवर शंभर व्हिडिओ आहेत. एवढं लिहिण्यापेक्षा बघून घ्यायचं की.

---

दिवाणजी_यार्ड, सकाळी ९.४०

पुणे३०, व्हिडिओतला माणूस मरत नाही हो. मला मरणाऱ्यांचं ऐकायचंय.

केबलभाऊ, पट्टी लालच होती. ०.५ वर आणली. झाडांची पानं जरा गोधडीसारखी दिसतात, पण दोन तास बंद पडला नाही. दोन तासांत अकरा वेळा मेलो, म्हणजे प्रगतीच. शिराळकर, सांभाळून जा बाबा रात्रीचं.

---

सतार_शॉटगन (मिरज), दुपारी ३.३०

दिवाणजी, तुमचं वाचून मी दुकानात एकटीच हसत होते, गिऱ्हाईक बघायला लागलं. मी हा गेम हार्डकोअर या अवघड पातळीवर दोनदा पूर्ण केलाय, तेव्हा जरा अधिकारानं बोलते.

तुम्ही गोळ्या हरिपूरच्या पेवात हळद भरावी तशा भरताय. पेव चांगलंच, जमिनीखाली हळद वर्षानुवर्षं टिकते, कीड लागत नाही, भाव येईल तेव्हा काढायची. पण २००५ च्या पुरात त्याच पेवांत पाणी शिरलं तेव्हा काय झालं ते तुमच्या यार्डातल्या कोणत्याही म्हाताऱ्या अडत्याला विचारा. तुमचा तो बारदानवाला म्हणजे पूर आहे. तो आला की पेवातलं सगळं गेलं. त्याच्याआधी माल बाहेर काढायचा.

आणि तुम्हाला जी बाजारपेठ वाटते ती तशी नाहीच. शत्रू मेल्यावर किंवा खोकी फोडल्यावर जो माल पडतो तो तुमच्याकडं बंदूक कोणती आहे आणि शिल्लक किती आहे ते बघून पडतो. पेटी भरलेली असेल तर गेमवाला तुम्हाला अजून गोळ्या कशाला देईल? रिकामी झाली की देतो. तुम्ही उधारी घेतलीच नाही तर सावकार पुढं कसा येणार? शिवाय रिमेकमध्ये दारू आणि सामान एकत्र करून काडतुसं तयारही करता येतात. दारू म्हणजे बंदुकीची, बायकोला दाखवाल हे.

आता खर्च कसा करायचा. छातीवर पाच गोळ्या घालू नका, तो पैसा वाया. डोक्यात एक. तो लडखडला की जवळ जाऊन लाथ. ती लाथ एकट्याला बसत नाही, शेजारचे दोघंतिघंही आडवे होतात. चौघं जवळजवळ येईपर्यंत थांबायचं, पुढच्याच्या डोक्यात एक गोळी, लाथ, सगळे खाली, पळायचं. एका गोळीत चौघांचा हिशोब. आता सांगा, कंजूष माणसाला यापेक्षा चांगला सौदा कुठं मिळेल? ग्रेनेड त्या बारदानवाल्यासाठी. तो करवत घेऊन अंगावर आला तर सुरीनं अडवताही येतं, पण सुरी झिजते आणि शेवटी मोडते, ती दुरुस्त करणारा व्यापारी भेटेपर्यंत जपून वापरा. दोन हिरवा पाला वेगवेगळे ठेवलेत ते एकत्र करा, पेटीत जागा होते. लाल मिळाला तर हिरव्यात घाला, त्यानं पूर्ण भरतं. एकटा लाल कशाच्याच उपयोगाचा नाही.

सगळ्यात महत्त्वाचं तर तुम्हाला कोणी सांगितलेलंच दिसत नाही. त्या गावात सगळ्यांना मारायचंच नाहीये! थोडा वेळ जिवंत राहायचं, मिनिटांवर आहे ते. मग चर्चची घंटा वाजते आणि सगळे आपोआप निघून जातात. तुम्ही पुढच्यासाठी राखून ठेवताय ते 'पुढचं' म्हणजे त्या घंटेपर्यंतची चार-पाच मिनिटं आहेत. तिथंच उधळा.

सोपी पातळी घ्यायला लाज कसली? असिस्टेडमध्ये नेम धरायला मदत होते आणि तब्येत थोडी आपोआप भरते. पण माझं मत विचाराल तर घेऊ नका. तुम्हाला नेम येतो, खर्च येत नाही. त्यावर पातळी नाही. मूळ २००५ च्या गेममध्ये तर मरत गेलं की गेम गुपचूप सोपा व्हायचा, शत्रू नरम पडायचे. म्हणजे तुमच्या कॅफेतल्या मित्राला आणि तुम्हाला तो सोपा करून देत होता, तरी तुम्ही गोळी सोडली नाहीत!

खरं तर तुमचा जन्म १९९६ च्या पहिल्या भागासाठी झालाय. कॅमेरा भिंतीवर टांगल्यासारखा ठरलेल्या जागी, वळणापलीकडं काय आहे दिसत नाही, आणि सेव्ह करायलासुद्धा शाईची रिबन लागायची, तीही मोजून मिळायची. तिथं तुमचं गोडाऊन शोभलं असतं. तो भाग करणाऱ्या शिन्जी मिकामीनंच चौथ्यात कॅमेरा लिऑनच्या खांद्यामागं आणला आणि माणसं अंगावर सोडली. भीती तीच, पण इथं हात चालवावा लागतो.

एक कुत्र्याचं सांगते आणि थांबते, सतारीला तारा चढवायच्या राहिल्यात. मूळ गेममध्ये सापळ्यात अडकलेला कुत्रा सोडवला तर पुढं एका राक्षसाशी लढताना तो मदतीला येतो. रिमेकमध्येही असा एक आहे. दिसला तर सोडवा, फुकट आहे. गोळी लागत नाही.

---

दारं_धरतो, दुपारी ४.१०

लाथेचं बरोबर आहे ताई. मी गुडघ्यावर मारायचो, तो वाकला की मग. डोक्याला नेम लागत नसेल तर ते बरं पडतं.

---

दिवाणजी_यार्ड, रात्री १२.४०

झालं. सांगतो.

आज सौद्यात राजापुरी हळदीच्या ढिगात हात घालून बसलो होतो तरी डोक्यात एकच, एक गोळी, एक लाथ. साडेनऊला बसलो. पहिल्या दोन वेळा सवयीनं पळालो आणि मेलो. तिसऱ्यांदा चौकात त्या जळक्या खांबाला पाठ लावली आणि थांबलो. थांबणं फार अवघड आहे हो, ताई. ते हळूहळू चालत येतात, बोलत बोलत. तिघं जवळ आले, पुढच्याच्या डोक्यात घातली, लाथ मारली आणि तिघंही खळ्यात पेंढ्या टाकाव्यात तसे पडले. मी मोठ्यानं "हाण!" म्हणालो. बायको उठून बसली.

मग बारदानवाला आला. मी ग्रेनेड टाकला. नऊ दिवस सांभाळलेला ग्रेनेड होता तो. हात लटपटला, खोटं कशाला बोलू. तो गुडघ्यावर आल्यावर शॉटगनची चार काडतुसं एकामागून एक. तरी उठला. उरलेली चारही घातली. पाला खाल्ला. पिस्तुलात दोन गोळ्या, तब्येतीची पट्टी लाल झालेली, मागं भिंत, आणि तेव्हा घंटा वाजली.

सगळ्यांनी हत्यारं खाली केली. मान खाली घालून रांगेनं चर्चकडं चालायला लागले, मी तिथं उभा असून नसल्यासारखा. बारदानवाल्यानंही करवत बंद केली आणि गुमान गेला. मारामारीपेक्षा मला हेच जास्त भ्यायला झालं. आत्तापर्यंत जीव घ्यायला आलेली माणसं पाळी संपल्यासारखी घरी निघाली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आई, "अरे, एवढ्या रात्री कसली घंटा? गणपतीच्या देवळात काय झालं?" हेडफोनची वायर खुर्चीच्या चाकात अडकून निघाली होती, मला पत्ताच नाही. म्हटलं काही नाही, आई, झोप, गावजेवण आहे. तिनं विचारलं कुठल्या गावात. मी म्हटलं स्पेनमध्ये. मग काही बोलली नाही.

२००८ च्या त्या मित्राला स्क्रीनचा फोटो पाठवलाय. तो आता दुबईत असतो. त्याचं उत्तर आलं, "सोडलीस काय शेवटी?"

आता गाव रिकामं आहे. अर्धा तास हिंडून सगळी घरं, गोठे, पिंपं, खोकी फोडून काढली. सुरीनं, गोळ्या घालून नाही. व्यापारी अजून भेटला नाही. पेटीत आत्ता २७ आहेत.